रेमो फर्नांडिस : गोमंतकीय रॉक गिटारवादक

गायक, गीतकार, संगीतकार आणि गिटारवादक रेमो फर्नांडिस यांचे संपूर्ण नाव लुईस रेमो द मारिया बेर्नार्दो फर्नांडिस असे आहे. त्यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी पणजी येथे एका गोमंतकीय कॅथलिक कुटुंबात झाला. बार्देस तालुक्यातील शिवोली हे त्यांचे गाव. भारतीय तरुणांचे रॉक संगीत बव्हंशी परदेशी बँडची नक्कल करण्यात गुंतलेले असताना त्यांनी स्वतः रचलेली, आपल्या गावाची व आपल्या माणसांची गाणी गायिली. २००७ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' किताबाने गौरविले.

आरंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. 'ख्रिस्ती रॉक' हा शब्द आपल्या तरुणांच्या तोंडी असतो. हा प्रकार अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस उदयास आला. लॅरी नॉर्मन यांची 'अपॉन धिस रॉक' (१९६९) ही ध्वनिमुद्रिका त्याच्या पहिल्या खुणांपैकी एक मानली जाते. त्याच प्रवाहातील फिल केगी हे कॅथलिक घरात वाढलेले गिटारवादक. बालपणीच्या अपघातात उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा भाग गमावूनही त्यांनी या वाद्यावर असामान्य प्रभुत्व मिळविले. येशूचे नाव घेऊन गाणे हेच या मंडळींचे कार्य होय. त्या अर्थाने रेमो हे ख्रिस्ती रॉक गायक नव्हेत, आणि तसे म्हणवून घेऊन त्यांना आपल्या पंगतीत ओढणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते ख्रिस्ती समाजात जन्मलेले आणि वाढलेले रॉक कलावंत आहेत. हा भेद बारीक असला तरी महत्त्वाचा आहे, आणि याच भेदामुळे त्यांचे जीवन आम्हास अभ्यासनीय वाटते.

गोव्यातील संगीताचे मूळ चर्चच्या अंगणात आहे. पोर्तुगीज अमदानीत धर्मग्रामांना जोडलेल्या शाळांतून मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलिपी वाचणे, गाणे आणि व्हायोलिन शिकविले जाई. शिकविणाऱ्या गुरुजींस 'मेस्त्री' म्हणत. पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या अनेक गोमंतकीयांना हीच विद्या उपयोगी पडली आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी भरून काढले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील गाण्यात गुरूचे नाव अमर केले, हे अनेकांना ठाऊक असेल. मात्र ही पिढी पडद्यामागे राहिली. चाल दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे, नाव तर दुसऱ्याचेच.

रेमो पुढच्या पिढीचे. ते आठ वर्षांचे असताना, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपली. दहा वर्षांचे असताना, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनाविधीविषयक संविधान प्रसिद्ध केले आणि लोकभाषेस व स्थानिक संगीतपरंपरांस मिस्साविधीत दार उघडले गेले. म्हणजे राज्यकर्त्यांची भाषा आणि वेदीवरची भाषा या दोहोंतील बदल या पिढीने बालपणीच पाहिला. त्याच सुमारास इंग्रजी रॉक संगीताच्या तबकड्या घराघरांत पोहोचू लागल्या होत्या. बालवयात अशीच एक तबकडी ऐकून रेमो या संगीताकडे ओढले गेले. शाळेत असतानाच ते मित्रांसमवेत बँडमध्ये वाजवू लागले.

पुढे मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. त्या काळात ते मुंबईतील बँडमध्येही वाजवीत असत. पदवी हाती आल्यावर नोकरीची पायवाट न धरता १९७७ ते १९८० या काळात ते युरोप व उत्तर आफ्रिकेत भटकले, ठिकठिकाणच्या वादकांसह वाजवीत राहिले. (आपल्याकडील किती आईबापांना हे मानवले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.) परदेशात स्थिरावण्याऐवजी ते शिवोलीस परतले.

येथून त्यांच्या कार्याचा सर्वांत मोलाचा भाग सुरू होतो. १९८४ साली त्यांची 'गोअन क्रेझी' ही कॅसेट प्रसिद्ध झाली. ती कोणत्याही स्टुडिओत नव्हे, तर घरीच, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर ध्वनिमुद्रित करण्यात आली होती. अशा यंत्रात फितीवर चारच पट्ट्या असतात. एकीवर गिटार, दुसरीवर ताल, तिसरीवर आणखी एखादे वाद्य भरायचे. पट्ट्या संपल्या की ती सर्व वाद्ये एकत्र करून उरलेल्या एका पट्टीवर उतरवायची आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा आवाज भरायचा. अशा प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढत जाते, आणि एकदा एकत्र झालेले स्वर पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणून वाजविणाऱ्याला सारे गाणे आधीच मनात पूर्ण ऐकू यावे लागते. रेमो यांनी सर्व वाद्ये स्वतः वाजविली, सर्व आवाज स्वतः दिले, वेष्टनावरील चित्रही स्वतः सजविले. कॅसेट तयार झाल्यावर ती आपल्या पिवळ्या स्कूटरवर लादून ते गोव्यातील दुकानोदुकानी विकत फिरले. ज्या समाजाचे वादक पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या चाली वाजवीत आले, त्यातील एकाने गाण्याच्या पहिल्या शब्दापासून दुकानाच्या फळीपर्यंत सर्व काही आपल्या हाती घेतले, ही गोष्ट आम्हास त्यांच्या पुढील सर्व यशापेक्षा मोठी वाटते.

पाठोपाठ आलेल्या 'ओल्ड गोअन गोल्ड' (१९८५) मध्ये त्यांनी गोव्याची जुनी पारंपरिक गाणी नव्या वाद्यमेळात बांधली. 'पॅक दॅट स्मॅक' (१९८६) हे नाव मादक पदार्थांच्या विरोधातील गीताचे. किनाऱ्यावर ब्राऊन शुगरने तरुण मुले गिळंकृत होत असताना, त्याच तरुणांना आवडणाऱ्या संगीतातून त्यांना सावध करण्याचे काम या गीताने केले. व्यासपीठावरील उपदेशाला जेथे प्रवेश नाही तेथे गिटार पोहोचते, हे आम्ही धर्मगुरूंनीही मान्य करावयास हवे. 'बॉम्बे सिटी' १९८७ साली आली. पंतप्रधान राजीव गांधी यांच्या गोवा भेटीत त्यांच्यासमोरच गाऊन गोव्याची गाऱ्हाणी मांडणारे त्यांचे गीतही गाजले. काहींना तो उद्धटपणा वाटला, परंतु खुद्द पंतप्रधानांनी ते गीत खिलाडूपणे घेतले.

चित्रपटांतील कामगिरी बहुतेकांना परिचित असल्याने थोडक्यात नोंदवितो. श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल' (१९८५), 'जलवा' (१९८७) चे शीर्षकगीत, ए. आर. रहमान यांच्या 'बॉम्बे' (१९९५) मधील 'हम्मा हम्मा' आणि 'प्यार तो होना ही था' (१९९८) चे शीर्षकगीत यांमुळे त्यांचा आवाज देशभर पोहोचला. तरीही चित्रपटसृष्टीसाठी ते कायमचे मुंबईकर झाले नाहीत.

श्रद्धेच्या दृष्टीने त्यांच्या रचनांत लक्षणीय ठरते ते मदर तेरेसा यांच्यावरील संगीतनाट्य 'तेरेसा अँड द स्लम बम'. ५ सप्टेंबर १९९७ रोजी देवाघरी गेलेल्या आणि ४ सप्टेंबर २०१६ रोजी संतपदास पोहोचलेल्या या सेविकेची कथा सांगताना शीर्षकात तिच्या शेजारी झोपडपट्टीतील एका भणंगाला जागा दिली आहे. संताला गाभाऱ्यात न ठेवता रस्त्यावर उभे करणारे हे नाव आम्हास फार उचित वाटते. याच कलावंताने भारतीय मंत्रोच्चारांनाही संगीतबद्ध केले आहे. यावरून काही मंडळी नाके मुरडतील, पण ज्या शिवोलीत हिंदू व ख्रिस्ती मिळून जागर करतात आणि २४ जून रोजी संत जॉनच्या सणाला सजविलेल्या होड्या निघतात, तेथील माणसाला यात वावगे वाटण्याचे कारण नाही.

आता आपल्या भागाविषयी. धावड्यासारख्या गावातील एखाद्या तरुणाने गिटार हाती घेतली की दोन आक्षेप हमखास येतात : हे वाद्य आपले नव्हे, आणि ते चर्चमध्ये शोभत नाही. पहिल्याविषयी एवढेच म्हणता येईल की पेटीसुद्धा युरोपातूनच आली आणि आज तिच्याशिवाय आपले भजन उभे राहत नाही. दुसऱ्याचे उत्तर विश्वपरिषदेच्या त्याच संविधानात आहे. पाईप ऑर्गनला विशेष मान देऊन इतर वाद्येही, ती पवित्र उपासनेस योग्य असतील आणि भाविकांच्या भक्तीस साहाय्यभूत होतील तर, अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतात, असे त्यात म्हटले आहे. म्हणून मिस्सात गिटार वाजवावी, पण ती गायकवृंदाच्या आवाजाखाली राहावी. रॉकचा दणदणाट मैदानातील कार्यक्रमासाठी ठेवावा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) येशूची भक्ती अभंगाच्या घाटात बसविली, तेव्हाही त्यांनी आपल्या मातीतील घाटच निवडला होता. मराठवाड्यातील गिटारवादकाने परदेशी भक्तिगीतांच्या चाली जशाच्या तशा उचलण्यापूर्वी रेमो यांची पिवळी स्कूटर आठवावी, असे आम्ही सुचवू.

रेमो यांनी पुढे पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारले. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र २०२१ साली हार्पर कॉलिन्सने प्रसिद्ध केले असून गोव्यातील बालपण, भटकंतीची वर्षे आणि संगीतातील धडपड यांची हकीकत त्यांच्याच शब्दांत वाचावयास मिळते.