सावलीतले रंग

बंगळुरास बदलून आलेला मराठी माणूस प्रथम शहाजीराजांच्या जहागिरीची आठवण काढतो. आम्हीही काढली. परंतु आमच्या व्हरांड्यातील कुंड्यांचा इतिहास शोधू लागलो, तो लालबागेतून थेट बडोद्यास पोचलो.

ही बाग हैदरअलीने १७६० साली आरंभिली. काचगृहाची कोनशिला १८८९ ची. गुस्ताव क्रुंबीगेल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ लंडनजवळच्या क्यू बागेतून १८९३ साली सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत आला, आणि १९०८ मध्ये बंगळुरास. एका वृक्षाचा बहर सरावा तो दुसऱ्याचा लागावा, अशा बेताने त्याने येथील रस्त्यांवर झाडे योजिली. झाडे वाढली, सावली दाटली. सावलीत गुलाब रुसतो. तेथे फुलांचे काम पानांनीच करावे लागते. आग्नेय आशियातला कोलियस, दक्षिण अमेरिकेतले कॅलेडियम, आसामातला बिगोनिया रेक्स : सारी मंडळी परगावचीच!

कॅलेडियमची पाने हिवाळ्यात गळतात. झाड मेले असे समजून आम्ही एकदा कुंडी उकिरड्यावर ओतली. कंद बिचारा नुसता निजला होता. पाणी साचले तर मात्र तो खरोखरच कुजतो.

क्रुंबीगेल १९३२ साली निवृत्त झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याला जर्मन म्हणून नजरकैद भोगावी लागली. तरी १९५६ साली त्याने देह ठेवला तो बंगळुरातच.

आमच्या बदलीचा हुकूम परवा आला. कोलियसच्या चार फांद्या पाण्यात घातल्या आहेत. मुळे फुटू लागली आहेत. आंब्याखालचा वाफा पुढच्या बिऱ्हाडकरूंचा.