मंडलिकांचं बंड आठवतंय. त्याचा हिशोब कोण मांडणार?

२००९ चा एप्रिल. मी पत्रकारितेत नवखा होतो. कागल, मुरगूड, गारगोटी असा फिरत होतो. मुरगूडजवळ पारावर एका आजोबांना विचारलं, "मंडलिक साहेब आता कुठल्या पक्षात?" ते म्हणाले, "पक्ष घिऊन काय करायचंय? आम्ही मंडलिक गटाचं."

या एका वाक्यात कोल्हापूरचं अर्धं राजकारण आलं.

सदाशिवराव मंडलिक १९९८ ला काँग्रेसकडून खासदार झाले. १९९९ आणि २००४ ला राष्ट्रवादीकडून. २००४ ला त्यांनी शिवसेनेच्या धनंजय महाडिकांना हरवलं. २००९ ला मात्र पक्षानं तिकीट कापलं आणि थेट संभाजीराजेंना उतरवलं. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस अपक्ष उभा राहिला, तोही शरद पवारांच्या विरोधात आणि छत्रपती घराण्याच्या समोर. सुमारे ४५ हजारांनी निवडून आला! नंतर पाठिंबा दिला तो काँग्रेसला.

चाहत्यांना ते वाघ वाटायचे, विरोधकांना हेकेखोर. दोघांचंही खरं होतं. हमीदवाड्याचा साखर कारखाना त्यांनीच उभा केला. हसन मुश्रीफ त्यांच्याच तालमीत तयार झाले. पुढं गुरू-शिष्याचं असं फाटलं की कागलच्या गल्लीगल्लीत दोन गट पडले. भावकीत बोलणं बंद झालेलं मी स्वतः बघितलंय.

आता पुढचं बघा. २०१४ ला संजय मंडलिक शिवसेनेकडून उभे राहिले आणि पडले. हरवलं कुणी? राष्ट्रवादीत गेलेल्या धनंजय महाडिकांनी. म्हणजे दहा वर्षांत दोन्ही घराण्यांनी पक्षांची अदलाबदल केली. २०१९ ला संजय मंडलिकांनी महाडिकांना हरवलं. २०२४ ला ते शिंदे गटाकडून लढले, तेव्हा मुश्रीफ त्यांच्याच प्रचारात! आणि ते हरले शाहू महाराजांकडून, दीड लाखावर मतांनी. वडिलांनी ज्या संभाजीराजेंना हरवलं, त्यांच्याच वडिलांकडून.

नेते २०१५ ला गेले. ज्या वैरापायी कार्यकर्त्यांनी सोयरीक मोडली, ते वैर वरती एका बैठकीत मिटलं. खाली अजून मिटलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. त्या बंडाचा अभिमान आपल्याला आहे, मलाही आहे. दिल्ली-मुंबईपुढं न वाकणारा माणूस आपण निवडून दिला. पण गटानं मत दिलं की प्रश्न विचारायचा राहून जातो. उसाच्या दराचं काय, पाण्याचं काय, पंचगंगेच्या प्रदूषणाचं काय? हे विचारलं की "तू कुणाचा?" असा उलटा सवाल येतो.

त्या आजोबांचं वाक्य मी तेव्हा कौतुकानं छापलं होतं. आज छापताना त्याच्याखाली एक प्रश्न जोडला असता: गट तुमचा, पण गटात तुमचं काय?

पटत नसेल तर खाली बिनधास्त लिहा. फक्त मी कुणाचा, ते विचारू नका.