वचन आणि वही

नागपुरांत धंतोलीच्या रहिवाशांना हिवाळ्याची चाहूल केवळ गारव्यानें लागत नाहीं. यशवंत स्टेडियमपासून विधानभवनाकडे निघणाऱ्या मोर्च्यांनींही लागते. बहुतेक मोर्च्यांचें मागणें एकच असतें : दिलेला शब्द पाळा. आणि ज्या अधिवेशनावर हे मोर्चे जातात, तें अधिवेशनही एका शब्दाचेंच फळ आहे.

तो शब्द २८ सप्टेंबर १९५३ रोजीं झालेल्या नागपूर करारांतला. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर आदि पुढाऱ्यांनीं त्यावर सह्या केल्या. मुंबईशीं एक झाल्यावर आपली उपेक्षा होईल, ही वऱ्हाड-नागपूरकरांची धास्ती होती. तिच्या निवारणार्थ दोन मुख्य वचनें देण्यांत आलीं. वर्षांतून निदान एक अधिवेशन नागपुरास भरावें, हें पहिलें. सरकारी खर्चाचा वांटा लोकसंख्येच्या प्रमाणांत असावा व त्याचा अहवाल प्रतिवर्षीं विधिमंडळापुढें यावा, हें दुसरें.

पहिलें वचन, २०२० व २०२१ च्या साथीसारखे अपवाद वगळतां, बव्हंशीं पाळलें गेलें. जरी अलीकडे तें अधिवेशन अनेकदां दोन आठवड्यांच्या आंतच आटोपतें. दुसऱ्याची कथा निराळी. १९५६ सालीं सातव्या दुरुस्तीनें राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमांत विकास मंडळांची व त्यांच्या वार्षिक अहवालाची तरतूद झाली. पण मंडळें स्थापन होण्यास १९९४ साल उजाडलें. त्यापूर्वीं १९८४ सालीं दांडेकर समितीनें राज्याचा अनुशेष मोजला : सुमारें ३,१८७ कोटी रुपये, त्यांपैकीं विदर्भाचा सुमारें १,२४७ कोटी. पुढें ३० एप्रिल २०२० रोजीं मंडळांची मुदत संपली.

दोन्ही वचनें एकाच कागदावरचीं. मग हा भेद कां? अधिवेशन चुकलें, तर धंतोलींतील शाळकरी मुलासही तें समजतें. कालवा, रस्ता वा दवाखाना यांचा वांटा कमी पडला, तर तें आंकडे मांडल्यावांचून दिसत नाहीं. कराराच्या कर्त्यांनीं हें ओळखूनच वार्षिक अहवालाचें कलम घातलें होतें. वही मागण्याचें काम मात्र आपण विसरलों.

वाण्याचें देणें आपण घरोघर मांडून ठेवतों. निवडणुकीच्या वेळीं उमेदवारानें दिलेला शब्दही तारखेसह त्याच वहींत लिहावा, आणि दरवर्षीं एकदां ती उघडावी. मतदाराच्या विस्मृतीइतका सोयीचा मित्र पुढाऱ्यास दुसरा नाहीं.