माशीनं मासा धरण्याची विद्या

माशी आणि मासा हे शब्द कानाला सख्ख्या भावंडांसारखे लागतात. पण त्यातल्या एकानं दुसऱ्याला पकडायचं, अशीही एक विद्या आहे. गळाच्या आकड्यावर पिसं आणि रेशीम गुंडाळून खोटी माशी बनवायची, ती नदीवर अलगद उतरवायची आणि ट्राउट नावाच्या चोखंदळ माशाला ती खरी वाटायला लावायची. इंग्रजीत याला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. साठी ओलांडल्यावर मी हिमाचलातल्या तीर्थन नदीवर हे शिकायला घेतलं, तेव्हा ‘या वयात?’ असं पुष्कळांनी विचारलं. मला मात्र वेगळंच कुतूहल होतं. नवख्या माणसाला ही विद्या आजवर कोणी आणि कशी शिकवली?

आधी यातली गोम सांगतो. आपल्याकडच्या गळाला शिशाचं वजन असतं. ते फेकलं की दोरी मागोमाग जाते. इथली माशी पिसासारखी हलकी, ती फेकणार कशी? म्हणून इथे दोरीच जड असते. फेकायची दोरी, माशी तिच्यामागे जाते. काठी मागे न्यायची, थांबायचं, दोरी पाठीमागे सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढे आणायची. ते क्षणभर थांबणं जमलं, की अर्धी विद्या आली.

या छंदाचं सर्वांत गाजलेलं पुस्तक आयझॅक वॉल्टन या लंडनच्या व्यापाऱ्यानं लिहिलं. ‘द कम्प्लीट अँग्लर’ हे त्याचं नाव, साल १६५३. सगळं पुस्तक गुरुशिष्यांच्या संवादासारखं. गंमत अशी, की माशीच्या बाबतीत वॉल्टन स्वतः फारसा तज्ज्ञ नव्हता. ती माहिती त्यानं थॉमस बार्कर या पेशानं स्वयंपाकी असलेल्या गृहस्थाकडून घेतली आणि तसं सांगितलंही. पुढे १६७६च्या पाचव्या आवृत्तीत त्यानं हा विषय चार्ल्स कॉटन या मित्राकडे सोपवला. कॉटन त्याच्याहून ३७ वर्षांनी लहान! डव्ह नदीकाठी कॉटननं १६७४ साली बांधलेल्या छोट्या घरावर दोघांची आद्याक्षरं एकमेकांत गुंफलेली आहेत. म्हाताऱ्यानं तरुणाकडून शिकण्यात कमीपणा मानला नाही.

कॉटनची काठी पंधरा ते अठरा फुटांची, दोरी घोड्याच्या केसांची, काठीच्या टोकालाच बांधलेली. वारा पाठीशी असला तरच माशी नीट जायची. एकोणिसाव्या शतकात बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या चिकटवून केलेल्या काठ्या आणि तेल पाजलेल्या रेशमी दोऱ्या आल्या, तेव्हा वाऱ्याला तोंड देऊन माशी टाकता येऊ लागली. यातूनच इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात एक पंथ उभा राहिला. फ्रेडरिक हॅलफर्ड त्याचा आचार्य. १८८६ साली त्याचं तरंगत्या माशांवरचं पुस्तक आलं. मासा पृष्ठभागावर किडा टिपताना दिसला, तरच त्याच्यापुढे कोरडी, तरंगती माशी टाकायची, हा दंडक. अनुयायी तर गुरूहूनही कर्मठ निघाले. बुडती माशी वापरणं हे जणू सोवळं मोडणं ठरलं.

जी. ई. एम. स्क्यूज या वकिलानं हे मुकाट्यानं मानलं नाही. वकीलच तो, त्याला पुरावा हवा होता. पकडलेल्या ट्राउटच्या पोटात काय आहे, ते तो तपासू लागला. तिथे बहुतेक किडे पाण्याखालचे, अजून पंख न उघडलेले निघाले. म्हणजे मासा बरंचसं जेवण खालीच उरकत होता! १९१०च्या पुस्तकात त्यानं हे मांडलं. वाद इतका चिघळला, की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा झाली. तेव्हा स्क्यूज ऐंशीच्या घरात होता. आज त्याची पद्धत जगभर सर्रास वापरतात.

आपल्याकडे ट्राउट मूळचा नाही. साहेबांच्या हौसेपायी तो विसाव्या शतकाच्या आरंभी काश्मिरात आणि मग कुलूच्या खोऱ्यात आणला गेला. माशाबरोबर पुस्तकंही आली, पण ती खडूच्या खडकातून झिरपणाऱ्या संथ, नितळ नद्यांसाठी लिहिलेली. आपल्या हिमालयातली नदी दगडांवरून उसळत येते. उन्हाळ्यात बर्फ वितळतं तसं दुपारनंतर पाणी चढतं आणि गढूळ होतं. तिथे हॅलफर्डचा दंडक घेऊन बसणारा रिकाम्या हातानं परतणार.

म्हणून नवशिक्यानं या इतिहासातून एवढंच घ्यावं. परवाना काढावा, काठी घ्यावी, पुस्तकही जरूर वाचावं. पण माशी निवडण्याआधी काठावर वाकून पाण्यातला एखादा दगड उलटून पाहावा. त्याच्या खालच्या अंगाला जे किडे चिकटलेले असतात, तेच त्या दिवशीचं माशाचं जेवण. पाहून झालं, की दगड होता तसा ठेवावा. त्या किड्यांचं ते घर असतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)