तिरुवैयारु : बांध कुणी दुरुस्त करायचा?

तंजावरपासून थोडं उत्तरेला गेलं की तिरुवैयारु लागतं. नावाचा अर्थच ‘पवित्र पाच नद्या’. त्यागराजांची समाधी इथेच कावेरीकाठी आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीला तिथे आराधना होते. पण आज गाण्याबद्दल नाही, पाण्याबद्दल बोलू.

श्रीरंगमच्या वर, मुक्कोंबूला, कावेरी दुभंगते. उत्तरेची कोळ्ळिडम खोल, उताराची, समुद्राकडे जवळच्या वाटेने जाणारी. पाणी साहजिकच तिकडे पळतं आणि दक्षिणेची कावेरी गाळाने भरत जाते. बेट संपतं तिथे दोन्ही प्रवाह पुन्हा जवळ येतात. कावेरीचं पाणी तिथून कोळ्ळिडममध्ये निसटू नये म्हणून कल्लणै हा बांध आहे. परंपरा तो करिकाल चोळाचा मानते.

व्यंकोजीराजांच्या वंशाने तंजावरवर सुमारे १८० वर्षं राज्य केलं, पण या बांधाची जागा होती तिरुचिरापल्लीच्या मुलखात, म्हणजे अर्काटच्या नबाबाच्या हाती. भात आपलं, बांध दुसऱ्याचा! १७६० च्या दशकात राजाला डागडुजी करायची होती, नबाबाने आडकाठी घातली. शेवटी मद्रासच्या कंपनी सरकारला मध्ये पडून राजाच्या बाजूने कौल द्यावा लागला. वरच्याने पाणी अडवायचं आणि खालच्याने अर्ज करायचे, हे कावेरीवर तेव्हाही होतंच.

१८३६ मध्ये आर्थर कॉटन यांनी मुक्कोंबूला कोळ्ळिडमवर बांध घातला. सैल वाळूत पाया कसा धरायचा, हे आपण कल्लणै बांधणाऱ्यांकडून शिकलो, असं त्यांनी मोकळेपणाने लिहिलं आहे. (साहेबांत हे विरळाच.) तंजावरची शेती सावरली खरी, पण आता कावेरीत पाणी जास्त येऊ लागलं, तिचा तळ खरवडू लागला. मग काही वर्षांत कावेरीच्या तोंडाशीही बांध घालावा लागला. एका नदीला हात लावला की दुसरीलाही लावावा लागतो.

१९३४ मध्ये मेट्टूर धरण झालं. तेव्हापासून पाण्याला तारखा आल्या : साधारण १२ जूनला सोडायचं, २८ जानेवारीला बंद. वर पुरेसं पाणी नसेल तर जूनची तारीख हुकते आणि कुरुवै भात जातं. गाळ धरणातच बसतो. खाली वाळूचा उपसा चालतो, आणि प्रवाह रोडावला की मुखाकडून खारं पाणी आत सरकतं.

२२ ऑगस्ट २०१८ च्या रात्री, पूर आलेला असताना, मुक्कोंबूच्या त्या जुन्या बांधाचे ४५ पैकी ९ दरवाजे वाहून गेले. वाळूउपशाने पाया उघडा पडला, असं गावकरी म्हणत होते. तिथे आता नवा बांध उभा आहे.