पेणच्या ओसरीवर इस्रायल

१८ सप्टेंबर १९५०, सोमवार. तुम्ही पेणच्या बाजारात उभे आहात. जिल्हा अजून कुलाबा आहे, रेल्वे इथवर आलेली नाही. घरोघरी गणपती बसलेत, आरत्यांच्या झांजा वाजताहेत. पनवेलहून आलेल्या मोटारीतून मुंबईच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा उतरतो. तुम्ही एक अंक उचलता. काल भारत सरकारनं इस्रायलला मान्यता दिली.

अंक काखेत धरून १८६३ सालचं बेथ हा-एलोहिम सिनेगॉग ओलांडा. पुढच्या ज्यू घराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची डबी, आहे आणि ओसरीवर नऊवारीतल्या आजी तांदूळ निवडताहेत. मंगळवारी नव्याचा सण, म्हणजे ज्यूंचं नववर्ष, झालं; गुरुवारी दारफाळणीचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास आहे. आजोबा पाट सरकवतात. “बसा. वाचा मोठ्यानं.”

तुम्ही वाचता. आजोबा बोटांवर हिशेब करतात. १४ मे १९४८ला ते राज्य जन्मलं, अमेरिकेनं काही मिनिटांत मान्यता दिली. आपल्या सरकारला सव्वादोन वर्षांहून जास्त लागली.

शेजारचे मास्तर कारण सांगतात. २९ नोव्हेंबर १९४७ला संयुक्त राष्ट्रसंघात पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध भारतानं मत दिलं. आपल्याच फाळणीची जखम ओली होती. धर्मावर देश वाटणं नेहरूंना मान्य नव्हतं, अरब देशांची मैत्रीही जपायची होती. पुढच्याच महिन्यात सावरकरांनी ज्यू राज्याचं स्वागत करून भारताच्या त्या मतावर टीका केली. मे १९४९मध्ये इस्रायलच्या संयुक्त राष्ट्रसंघातल्या प्रवेशालाही भारतानं विरोध केला.

“आणि आता?” आजी विचारतात.

“आता मान्यता दिली, पण वकिलात नाही,” मास्तर म्हणतात.

दुपारी नागोठण्यावरून रोह्याला निघा. कुंडलिकेच्या काठी भेटणाऱ्या गृहस्थांचं आडनाव रोहेकर. यांचे पूर्वज घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. शनिवार पाळणारे म्हणून शेकडो वर्षांत इथे कुणी त्यांना छळलं नाही. रोहेकरांचा पुतण्या इस्रायलला जायचं म्हणतो. शेजारीण काळजीनं विचारते, “तुम्हीपण जाणार का हो, काका?” ते म्हणतात, “तो जाईल. मी राहीन. देश दोन्ही आपलेच.”

त्यांना पुढचं सांगावंसं तुम्हाला वाटेल. १९५३मध्ये मुंबईत इस्रायलचा वाणिज्य दूतावास उघडेल. इस्रायलमध्ये मात्र भारताची वकिलात यायला १९९२ उजाडेल. मधल्या काळात या गल्ल्यांतली बहुतेक ज्यू घरं रिकामी होतील. मराठी बोलणारी, एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करणारी हजारो माणसं तिकडे स्थायिक होतील, आणि त्यांच्या जन्मभूमीचं एकही कार्यालय त्या देशात नसेल.

दिल्लीला मान्यतेआधी विचार करणं भाग होतं. ती दिल्यावर मात्र एक्केचाळीस वर्षांहून जास्त काळ ती अर्धीच ठेवणं चूक होतं. एखाद्या राज्याचं अस्तित्व मान्य केलं म्हणून त्याची प्रत्येक कृती मान्य होत नाही, पॅलेस्टिनी माणसाचा हक्कही त्यानं कमी होत नाही; १९८८मध्ये भारतानं पॅलेस्टाइनलाही मान्यता दिली, ती योग्यच होती. दोन देशांवर जीव असलेल्या माणसाला गावानं कधी पुरावा मागितला नाही. सरकारांनीही तो मागू नये, आणि दिलेली मान्यता पूर्ण पाळावी.