वहीत उतरले तेवढेच उरले

वर्धापनदिनानिमित्त यंदा आपल्या मंडळाचे हस्तलिखित निघत आहे. त्यात कल्पित कथा, कविता आणि आठवणी असे तीन भाग आहेत. मजकूर मागण्यासाठी मी घरोघर फिरले, तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळाले, "अहो, आमच्याजवळ लिहिण्यासारखं काय आहे?" म्हणून या तिन्ही प्रकारांत पूर्वी लिहून गेलेल्या काही स्त्रियांची हकीकत येथे सांगते.

प्रथम कल्पनेची गोष्ट. बंगालमध्ये रंगपूरजवळ पायराबंद गावी १८८० साली रोकेया यांचा जन्म झाला. घरात पडदा कडक. थोरल्या भावाने रात्री सारे निजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात त्यांना शिकविले. लग्नानंतर त्या भागलपुरास आल्या. यजमान सरकारी कामासाठी फिरतीवर असताना त्यांनी इंग्रजीत 'सुलतानाज ड्रीम' ही कथा लिहिली. १९०५ साली ती मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात छापून आली. या कथेतल्या देशात पुरुष पडद्यात असतात आणि राज्यकारभार बायका पाहतात. तेथे सूर्याच्या उष्णतेवर रांधतात, त्यामुळे स्वयंपाकघरात धूर नाही. पाणी ढगांतून ओढून घेतात. घराबाहेर मोकळेपणी पडता न येणाऱ्या बाईने हे सारे लिहिले! पुढे १९११ साली कलकत्त्यात त्यांनी आठ मुलींवर शाळा सुरू केली.

रोकेया जन्मल्या त्याच १८८० साली आपल्या खानदेशात जळगावजवळ असोदे येथे बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता गाणी सुचत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक मुलगा ती वहीत उतरून घेत. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. ती वही नसती तर आज आपल्यापाशी काय राहिले असते?

आठवणी लिहिणे सर्वांत अवघड, कारण त्यांत घरचे दिसते. रमाबाई रानडे अकराव्या वर्षी सासरी आल्या. यजमान माधवराव शिकवू लागले, तेव्हा घरातल्या बायकांची बोलणी त्यांना सोसावी लागली. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली निघालेल्या पुस्तकात त्यांनी ते संयमाने, पण झाकून न ठेवता सांगितले आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी तर १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूटही लिहिली आणि स्वतःच्या फजित्याही. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने निघाली. ती वाचताना हसू आणि आसू एकदमच येतात.

आता माझी एक चूक सांगते. माझ्या चुलत सासूबाईंना पुष्कळ ओव्या येत. गिरणी झाल्यावर जाते कोपऱ्यात गेले, तरी तांदूळ निवडताना त्या गुणगुणत. माहेरच्या नदीवर, गेलेल्या लेकीवर त्यांनी स्वतः ओव्या रचल्या होत्या. मी शिकलेली सून. वही-पेन्सिल फळीवरच असे. "उद्या लिहून घेऊ, काकू," असे म्हणत मी चार वर्षे काढली. त्या गेल्या तेव्हा माझ्यापाशी दीड ओळ होती, आणि तीही धड आठवत नाही. सोपानदेवांनी आईसाठी जे केले, ते मला सहज करता आले असते.

म्हणून भगिनींनो, लिहिण्यासारखे काय आहे हे आधीच ठरवू नका. मंडळाच्या कपाटात एक कोरी वही ठेवली आहे. जिला लिहिता येते तिने लिहावे. जिला येत नाही तिने यावे, बसावे, सांगावे. लिहून घ्यायला मी दर गुरुवारी तेथे आहे. आता उद्यावर टाकणार नाही.